किडनी बदललेल्या माणसाला चतुर्थीला गावी न्यावं का?

खाडीपलीकडे

नमस्कार. इतकी वर्षं इथे नुसती वाचत होते, लिहायची ही पहिलीच वेळ. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्या नवऱ्याची किडनी गेल्या डिसेंबरात बदलली. सासूबाईंनी दिली, वय ६१. ऑपरेशन छान झालं, क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढला की वाईट) १.१ वर आलं. आम्ही डोंबिवलीला, घर देवगड तालुक्यात खाडीला लागून. जूनमध्ये सासूबाईंना पोचवायला चार दिवसांसाठी गावी गेलो आणि तिसऱ्या रात्री ह्यांना १०२ ताप भरला. जवळच्या एका दवाखान्यात रक्त काढलं. पांढऱ्या पेशी २१००, प्लेटलेट ९० हजार. डेंगीची तपासणी निगेटिव्ह आली, तरी "हंगामच आहे, सगळ्यांना तेच आहे" म्हणून पाच दिवस सलाईन चालू. मी ट्रान्सप्लांटची फाईल दोनदा पुढे केली, ती कोणी उघडलीच नाही. सहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले तेव्हा मी गाडी केली आणि रातोरात मुंबई गाठली. तिथे सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलो नावाचा विषाणू निघाला. रक्तात भरपूर होता, आतड्यातही व्रण. दोन आठवडे गॅनसायक्लोविरची इंजेक्शनं, त्यानंतर व्हॅलगॅनसायक्लोविरच्या गोळ्या. आता लागोपाठ दोन रिपोर्टांत विषाणू दिसत नाही, तब्येत बरी आहे.

प्रश्न दोन. यंदा गणपतीची पाळी आमच्या घराकडे आहे. ह्यांना न्यावं का? घरात पंचवीस माणसं असतील.

दुसरा प्रश्न मनातला आहे. दान केलेल्या किडनीबरोबर हा विषाणू येऊ शकतो असं कुणीतरी बोललं, ते सासूबाईंच्या कानावर पडलं. तेव्हापासून त्या ह्यांच्या ताटात हाताने काही वाढत नाहीत. स्वतःचा चहाचा कप वेगळा काढलाय, त्याच्या कानाला लाल दोरा बांधलाय, चुकून ह्यांच्या हाती जाऊ नये म्हणून. परवा फोनवर म्हणाल्या, "माझ्यातसूनच गेलो काय गो तो?" मला उत्तर देता आलं नाही.

आंबोळी_घावन

ताई, आधी तुम्हाला आणि तुमच्या सासूबाईंना नमस्कार. गणपतीच्या गाडीने मात्र अजिबात नेऊ नका. त्या डब्यात विषाणूलाही उभं राहायला जागा मिळत नाही.

सुरंगी

अगो बाय, आवशीन झिलाक किडनी दिल्यान आणि वर तीच रडता? तिका सांग, कपाचो दोरो काढ आदी. बाकीचा डॉक्टर लोक सांगतीत.

गलबत

मी रत्नागिरी जिल्ह्यात फिजिशियन आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

सीएमव्ही हा नागीण-कांजिण्यांच्या विषाणूच्या घराण्यातला. आपल्या देशात मोठ्या माणसांपैकी बहुतेक सगळ्यांच्या अंगात तो असतो. माझ्या असेल, तुमच्याही असेल. आईच्या दुधातून, लाळेतून, लहानपणी एकत्र खेळताना तो मिळतो, त्या वेळी साधा ताप येतो किंवा तोही येत नाही. मग तो जन्मभर अंगात पडून राहतो. आपल्या टी-पेशी त्याच्यावर चोवीस तास पहारा देतात, म्हणून तो उठत नाही. किडनी बदलल्यावर शरीराने ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन देऊन आपण मुद्दाम तोच पहारा ढिला करतो. किडनी वाचते आणि झोपलेला विषाणू डोळे उघडतो. एरवी गप्प असलेले जंतू अशी संधी साधून उठतात, म्हणून याला संधिसाधू संसर्ग म्हणतात.

आता किडनीबरोबर तो येतो का? येतो. पण ते जास्त जाचक ठरतं कधी, तर घेणाऱ्याच्या अंगात तो आधी कधीच नव्हता तेव्हा. म्हणून ऑपरेशनआधी देणारा आणि घेणारा, दोघांची 'सीएमव्ही आयजीजी' तपासतात, म्हणजे हा विषाणू अंगात आधी येऊन गेलाय का ते बघतात. तुमच्या फाईलमध्ये तो कागद असणारच. काढून बघा.

एक विचारतो. ऑपरेशननंतर सुरुवातीला व्हॅलगॅनसायक्लोविर चालू होती ना? कधी बंद झाली?

खाडीपलीकडे

हो, तीन महिने होती, मार्चमध्ये बंद केली. फाईल गावच्या कपाटात राहिली आहे, दिराला सांगते.

गलबत

मग अगदी नेहमीचंच चित्र आहे. गोळी चालू असेपर्यंत विषाणू दबलेला असतो, बंद झाल्यावरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो डोकं वर काढतो. तो काळ नेमका पावसाळ्याला जोडून आला. डेंगीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, सीएमव्हीतही उतरतात. लेप्टो (उंदराच्या लघवीने दूषित पाणी-चिखलातून येणारा ताप), मलेरिया, डेंगी यांत आम्ही जून ते ऑक्टोबर इतके बुडालेले असतो की ताप आणि पेशी कमी दिसलं की हात आपोआप डेंगीकडे जातो. तुमच्या बाबतीत ते चुकलं. फाईल उघडायला हवी होती, यावर माझं दुसरं मत नाही.

रातांबा

सगळं वाचलं. प्रतिकारशक्ती कमी झालीय तर ती वाढवायला नको का? आमच्याकडे परसात गुळवेल आहे. रोज सकाळी काढा द्या, महिन्यात फरक दिसेल. माझ्या मामांना दिला होता.

पाणंद

रातांबा, हात जोडून सांगते, हे लिहिलेलं काढून टाका. माझ्या भावाची किडनी २०१९ ला बदलली. त्याची प्रतिकारशक्ती चुकून कमी झालेली नाही, औषधं देऊन ती कमी ठेवलेली आहे. ती वाढवायची म्हणजे किडनीवर हल्ला करायला शरीराला उठवायचं. शिवाय गुळवेलीने यकृताला सूज आलेले रुग्ण करोनाकाळात आपल्या राज्यातच नोंदले गेलेत. "नैसर्गिक आहे, अपाय काय होणार" हे वाक्य आमच्या घरात आता कुणी उच्चारत नाही.

रातांबा

मला हे खरंच माहीत नव्हतं. मामांना साधा सर्दी-ताप होता, मी दोन्ही एकाच मापाने मोजलं. संपादनाची मुदत संपली, म्हणून इथेच लिहितो: वरचा सल्ला कुणी घेऊ नका.

पाणंद

मनापासून आभार.

आता भावाचं सांगते, कारण सगळेच सीएमव्हीबद्दल बोलताहेत. त्याला आठव्या महिन्यात काहीच होत नव्हतं. ताप नाही, दुखणं नाही. फक्त क्रिएटिनिन १.२ वरून १.९ झालं. सगळ्यांच्या मनात एकच, किडनी नाकारली जातेय. तसं असतं तर औषधं वाढवली असती. डॉक्टरांनी घाई न करता रक्तात बीके विषाणू शोधला, मग किडनीचा तुकडा तपासला. बीकेच निघाला. १९७१ मध्ये किडनी बदललेल्या एका रुग्णाच्या लघवीत हा पहिल्यांदा सापडला आणि त्या रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं त्याला मिळाली. त्याच्यावर खात्रीचं औषध नाही. उपाय म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थोडी कमी करायची आणि दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त तपासत राहायचं. म्हणजे बघा, दोन्हीकडे क्रिएटिनिन वाढतं, पण उपचार अगदी उलट दिशेचे. ते दोन महिने आईने देवासमोरची समई विझू दिली नव्हती. आता १.४ वर आहे आणि भाऊ कामावर जातोय.

बावखोल

विषय नागिणीच्या घराण्याचा निघालाच आहे म्हणून. आमच्या वाडीत एक आजोबा नागीण उतरवतात. काव (गेरू) लावतात, मंत्र म्हणतात, पैसे घेत नाहीत. माझी स्वतःची नागीण तिथेच बरी झाली. सगळंच थोतांड म्हणू नये.

चिवारी

बावखोलदादा, आजोबांच्या मनातला भाव खोटा नाही, आणि पैसे घेत नाहीत हेही खरं. पण धडधाकट माणसाची नागीण दोन ते चार आठवड्यांत आपली आपण सुकते. त्या काळात जे केलं त्याला श्रेय जातं.

माझी आत्या संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आणि स्टेरॉइडवर होती. कपाळावर डाव्या बाजूला फोड आले, मग नाकाच्या शेंड्यावर एक. घरातल्यांनी तीन दिवस काव लावली, "तोंड-शेपूट जुळू देऊ नका" म्हणून रोज मंत्र. चौथ्या दिवशी मी पोचले तेव्हा डोळा सुजून बंद होता. नाकाच्या शेंड्यावर फोड येणं ही डोळ्यापर्यंत पोचल्याची खूण असते, हे मला नंतर डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. एकाच नसेतून दोन्हीकडे फांद्या जातात. अ‍ॅसायक्लोविर पहिल्या ७२ तासांत सुरू व्हायला हवं होतं. आज आत्याला त्या डोळ्याने फक्त उजेड-अंधार कळतो.

आणि ते तोंड-शेपटाचं. नागीण एका नसेच्या पट्ट्यात, एकाच बाजूला येते, म्हणून ती सहसा अंगाला वेढा घालतच नाही. पण प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात ती तो पट्टा सोडून अंगभर पसरू शकते, फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. भीती बाळगायचीच असेल तर ती ही. शेपूट बघत बसू नका, गाडी काढा.

बावखोल

नाकाच्या शेंड्याचं माहीत नव्हतं. आजोबांना जाऊन सांगतो. साखरेचे किंवा असली औषधं चालू असलेले लोक आले तर आधी दवाखान्यात पाठवा म्हणून. ते ऐकतील, चांगले आहेत.

गलबत

बावखोल, हे जरूर करा. लोक तुमच्या आजोबांकडे माझ्या आधी जातात. त्यांनी पाठवलेला माणूस ७२ तासांच्या आत माझ्याकडे आला तर माझं अर्धं काम झालं.

नागिणीची लसही आहे. २०२३ पासून आपल्याकडे शिंग्रिक्स मिळते, दोन डोस. तिच्यात जिवंत विषाणू नाही, म्हणून अशा रुग्णांना ती देता येते. जिवंत विषाणूच्या लशी, म्हणजे कांजिण्यांची किंवा गोवर-गालगुंड-रुबेलाची, ह्यांना चालत नाहीत. मात्र कुठली लस केव्हा, हे ट्रान्सप्लांटचे डॉक्टर ठरवतील.

नाव_नको

मी या धाग्यावर लिहू की नको, दोन दिवस विचार करत होतो.

मी सिंधुदुर्गातला. एचआयव्ही आहे. बारा वर्षांपूर्वी डाव्या डोळ्यासमोर काळी चिलटं उडाल्यासारखी दिसायला लागली. वाटलं चष्मा बदलायला झाला. डोळ्याच्या डॉक्टरांनी आत पाहिलं आणि म्हणाले, रक्त तपासून घ्या. एचआयव्ही पॉझिटिव्ह, सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांना संपवतो त्या पहाऱ्यावरच्या पेशी) फक्त ३८. डोळ्याच्या पडद्यावर हाच सीएमव्ही होता. सीडी४ पन्नासच्या खाली गेल्या की तो पडद्याला खातो. दुखत नाही, म्हणून कळत नाही.

डोळ्यात इंजेक्शनं घेतली, एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधं, सुरू झाली. ती सरकारी केंद्रात फुकट मिळते, २००४ पासून. आज सीडी४ ६०० च्या पुढे आहेत, रक्तात एचआयव्ही सापडत नाही, डोळा पाऊण शाबूत. इथे नाव न सांगता एवढंच सांगायचं होतं की मी गोळ्या आणायला अजूनही शेजारच्या जिल्ह्यात जातो. आमच्या केंद्राबाहेरच्या बाकावर ओळखीचं कोणी ना कोणी बसलेलं असतंच. ताई, तुमच्या सासूबाईंचा लाल दोऱ्याचा कप वाचला आणि माझ्या घरात एक वर्ष वेगळी ठेवलेली माझी ताटली आठवली. ती मी स्वतःच वेगळी काढली होती, कुणी सांगितलं नव्हतं.

सुरंगी

दादा, माझ्या घराक ये. एकाच ताटात जेवया.

कुळीथ

नाव_नको, लिहिलंत ते फार बरं केलंत.

मी मेडिकल स्टोअरवाला, चिपळूणजवळ. दोन गोष्टी. व्हॅलगॅनसायक्लोविरची गोळी तोडायचीही नाही आणि कुटायचीही नाही. तिची पूड अंगाला लागणं चांगलं नाही, घरात गरोदर बाई असेल तर मुळीच नाही. आपल्याकडे म्हाताऱ्यांना गोळी मधात खलून द्यायची सवय असते म्हणून सांगितलं. आणि तिचा डोस किडनीच्या कामाप्रमाणे बदलतो, त्यामुळे मागच्या चिठ्ठीवर पुन्हा घेऊ नका. गोळीनेही पांढऱ्या पेशी उतरतात, दर आठ-पंधरा दिवसांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, हवंच.

दुसरी मला स्वतःला फार आवडणारी. शरीराचा पहारा ढिला करून किडनी टिकवणारं अ‍ॅझाथायोप्रिन आणि नागिणीच्या घराण्यावरचं अ‍ॅसायक्लोविर, ही दोन्ही औषधं गरट्रूड एलियन या बाईंच्या कामातून आली. १९८८ चं नोबेल मिळालं. पीएचडी नव्हती त्यांच्याकडे. एका हाताने पहारा ढिला करायचा आणि त्यातून सुटलेल्याला दुसऱ्या हाताने धरायचं. काउंटरवर ही दोन पाकिटं शेजारी ठेवताना मला दर वेळी त्या आठवतात.

सडा_आणि_कातळ

जरा वेगळं, पण कुणाला उपयोगी पडेल. आईला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाला. त्यावरचं रिटुक्सिमॅब हे औषध सुरू करायच्या आधी हिपॅटायटिस बीच्या दोन तपासण्या केल्या: एक नेहमीची एचबीएसएजी, ती निगेटिव्ह, दुसरी अँटी-एचबीसी, ती पॉझिटिव्ह. म्हणजे कधीकाळी होऊन गेलेली कावीळ. आईला आठवतही नव्हती. तो विषाणू यकृतात दडून असतो आणि या औषधाने उठतो, मग यकृत बंद पडू शकतं. म्हणून त्या विषाणूला दाबणारं एन्टेकॅविर आधीच सुरू केलं आणि शेवटच्या डोसनंतरही वर्षभराच्या वर चालू ठेवलं. केमो सुरू होणार असेल तर दुसरी तपासणी झाली का, हे तोंडाने विचारा.

लॅबवाला

कुडाळ भागात लॅबमध्ये आहे. सीएमव्ही पीसीआर, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजणारी तपासणी, आमच्याकडे होत नाही, नमुना मुंबईला किंवा पुण्याला जातो. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त, ते फिरवून वरचा प्लाझ्मा वेगळा करायचा, थंड पेटीत पाठवायचा. दोन-तीन दिवसांत आकडा येतो. दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून "वाढला, वाढला" म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत.

ताई, गावी असताना सीबीसी आणि क्रिएटिनिन मात्र त्याच दिवशी मिळेल. टॅक्रोलिमसची पातळी तपासायची असेल तर सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्या.

आंबोळी_घावन

माटवीचं, गणपतीच्या डोक्यावर फळं बांधतो त्या चौकटीचं, कोणी बोललं नाही! पपनस! माझ्या मेव्हण्याला ट्रान्सप्लांटच्या यादीतच लिहून दिलंय: ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद. टॅक्रोलिमस रक्तात वाढतं म्हणे. आणि आपण चतुर्थीला नेमकं तेच बांधतो आणि विसर्जनानंतर सोलून वाटतो.

गलबत

अगदी बरोबर. आतड्यात आणि यकृतात टॅक्रोलिमस मोडणारं जे एन्झाइम आहे ते या फळांतल्या द्रव्याने अडतं. बांधायला हरकत नाही, खायला द्यायचं नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोलनेही तसंच होतं, म्हणून गावात दुसऱ्या कुणाकडून औषध घेताना पहिलं वाक्य हेच: "माझी किडनी बदललेली आहे, टॅक्रोलिमस चालू आहे."

जायचं की नाही, याबद्दल. सीएमव्ही पंचवीस माणसांतून येणार नाही, तो आतच आहे. माणसांतून येतील ते फ्लू, करोना, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कांजिण्या. निघायच्या आधी फोन करून विचारा, वाडीत कुठल्या मुलाच्या अंगावर फोड आहेत का. असतील तर जाऊ नका. तिथे गेल्यावर कळलं तर त्याच दिवशी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. चिखलात, वाफ्यात उतरायचं नाही, पाणी उकळलेलं. आणि पावसात फोंडा किंवा करूळ घाटात दरड आली तर कोल्हापूर बंद होतं, तेव्हा गोव्याकडे बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलचा रस्ता डोक्यात ठेवा. शेवटचा होकार मात्र त्यांच्या डॉक्टरांचा.

खाडीपलीकडे

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते. नाव_नको दादा, तुमचा प्रतिसाद मी ह्यांना वाचून दाखवला. मग आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो होतो.

डॉक्टरांनी हो म्हटलंय. निघायच्या आदल्या आठवड्यात एक पीसीआर, गावी चौथ्या दिवशी सीबीसी आणि क्रिएटिनिन. गाडी करून जाणार, पहाटे निघून. पाच दिवस ह्यांचं झोपणं-बसणं माडीवर, आरतीला खळ्यात बाहेरच्या बाजूला खुर्ची. भजनाच्या रात्री वर. दिराने वाडीत फिरून विचारलं, फोड आलेलं मूल एकही नाही. फाईलच्या कव्हरवर ते किडनीचं वाक्य दिराकडून मोठ्या अक्षरात लाल पेनाने लिहून घेतलंय, आता न उघडताही वाचता येईल.

आणि गलबत, तुम्ही म्हणालात तो कागद सापडला. दिराने फोटो पाठवला. नोव्हेंबरातला, ऑपरेशनच्या आधीचा. सीएमव्ही आयजीजी: देणार पॉझिटिव्ह, घेणार पॉझिटिव्ह. ह्यांच्या अंगात तो आधीपासूनच होता. मी लगेच सासूबाईंना फोन केला, दोन्ही ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. त्या गप्प. मग म्हणाल्या, "मगे त्याका खयसून गावलो?" मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात लहानपणीच मिळतो, कधी कधी आईच्या दुधातून.

क्षणभर काहीच आवाज नाही. मला वाटलं, मी हे काय बोलून बसले. आणि मग त्या हसायला लागल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "अगो, मगे माझ्यातसूनच गेलो! तीन वर्षां दूद सोडूक नाय तेणी!"

लगेच विचारलं, मोदकांना नारळ किती काढून ठेवू.

सुरंगी

पंचवीस माणसांका चाळीस तरी काढ म्हणान सांग. आणि दोरो?

खाडीपलीकडे

विचारलं नाही. बाराला पोचतोय, बघून सांगते.